पटकन कर

त्यानं दहा-अकराचा पाना हातात घेतला होता. जनरेटरच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर लावणार, तेवढ्यात मी म्हणालो, "पटकन कर रे बाबा, दहाला लाईट जाणार आहे." त्यानं मान हलवली, पाना परत पेटीत टाकला आणि फिल्टर काढायचा पट्टा उचलला. एवढंच घडलं. एप्रिलमधला गुरुवार होता, आणि तो पाना पेटीत पडल्याचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

आमची सोसायटी चिंचवडला. पार्किंगच्या कोपऱ्यात जनरेटरचा सेट आहे, पोपटी रंगाच्या कॅनॉपीत बंद. गुरुवारी दहा ते दोन वीज बंद राहणार असा मेसेज आदल्या रात्रीच आला होता. गुरुवार म्हटलं की आमच्या भागात हे ठरलेलंच. नेमकी त्याच दिवशी साडेदहाला आईच्या डोळ्यांची तपासणी होती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, घर चौथ्या मजल्यावर आणि तिचे गुडघे जिन्याला केव्हाच नाही म्हणून बसलेले. सर्व्हिसिंगचा मुलगा सव्वानऊला आला, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त लिफ्ट होती. मी त्याला विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, पाऊण तास. मी ते दोन शब्द बोललो आणि जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय आपोआप थांबले. पाना परत ठेवला त्यानं. म्हणजे बॅटरी काढली नाही. पॅनलचा नॉब कुठे होता? मी उतरलो, धावतच म्हणा ना. कॅनॉपीचं दार उघडं, पॅनलवर 'ऑटो'चा हिरवा दिवा, म्हणजे लाईट गेली की सेट आपोआप लागणार, बेल्टची जाळी काढून जमिनीवर ठेवलेली, आणि तो पोरगा वाकून पंख्याच्या बेल्टवर अंगठा दाबून ताण बघत होता. मी ओरडलो, "हात काढ!" तो दचकून मागे झाला, डोकं कॅनॉपीच्या कडेवर आपटलं. मी म्हणालो, आधी बॅटरी काढ. त्यानं डोकं चोळत माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, तुम्हीच तर म्हणालात, पटकन कर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. सांगितलेलं केलं, मग चुकलं कुठे, असा साधा प्रश्न होता.

दहा वाजून बारा मिनिटांनी लाईट गेली. सेट गप्प राहिला, कारण निगेटिव्हची केबल सुटून बाजूला पडलेली होती. वरच्या मजल्यांवरून हाका सुरू झाल्या, जनरेटर का लागत नाही म्हणून. आई चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. डोळ्यांची तपासणी हुकली. लाईट गेली तेव्हा तो मुलगा परत बेल्टवरच होता, त्याच जागी, तोच अंगठा. तो आणि मी, दोघंही त्याबद्दल एकमेकांशी काही बोललो नाही.

मी पस्तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. ही गोष्ट मला पहिल्यांदा शिकवली वडिलांनी, जुन्नरकडच्या आमच्या विहिरीवर. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं. दहा-बारा वर्षांचा असताना मी हँडलला हात घातला, तर वडिलांनी माझी मूठ सोडवली आणि अंगठा उचलून चार बोटांच्या बाजूला ठेवला. हँडलभोवती अंगठ्याचा विळखा घालायचा नाही. इंजिन उलटं झटकलं तर हँडल बोटांतून निसटून जाईल. अंगठा अडकलेला असला तर तोच मोडेल, नाहीतर मनगट जाईल. ते हे सगळं बोलले नव्हते. त्यांनी फक्त अंगठा उचलून ठेवला. त्या बोटांना लागलेलं काळं तेल, ओल्या मातीचा आणि डिझेलचा एकत्र वास, मग इंजिनानं धरलेला फट् फट् ठेका आणि पन्हाळीतून पाण्याचा पहिला लोट. आजही गाडीच्या स्टिअरिंगवर माझा अंगठा नकळत बोटांच्या बाजूलाच जातो. मुलगी विचारते, असं काय धरता? मी काय सांगणार.

पुढे औंधच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालो. त्या काळी पुण्यात इंजिनाचं काम शिकलेला मुलगा रिकामा बसत नसे. खडकीला १९४६ पासून ऑईल इंजिनं बनत होती, कोथरूडला १९६२ पासून मोठी डिझेल इंजिनं, आणि त्यांच्या आधारानं भोसरी-पिंपरीत पिस्टन, लायनर, गॅस्केट, पंप घासणारी शेकडो शेड उभी राहिली होती. मी एका सर्व्हिस कंपनीत लागलो. सकाळी डब्याबरोबर कॉटन वेस्टचा गोळा पिशवीत, संध्याकाळी हात डिझेलनं धुवायचे आणि वरून लाकडाचा भुसा चोळायचा. डिझेलनं कातडी सुकते, भेगा पडतात, आणि जळकं तेल त्याच भेगांतून आत मुरतं. ते तेल वर्षानुवर्षं अंगावर राहिलं तर कातडीच्या कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा काळे हात म्हणजे कामाचा माणूस, असा हिशेब होता.

मामा मला तिथे भेटले. त्यांना सगळे मामाच म्हणायचे, साहेबसुद्धा. इंजिनाला लांब पाना टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि कुठला टॅपेट ढिला आहे ते सांगायचे. १९९४ साली मी नवा नवा सुपरवायझर झालो होतो आणि मामा माझ्या हाताखाली आले होते, ही गोष्टच मला अवघड वाटायची. पावसाळ्यातला गुरुवार, भोसरीतला एक कारखाना. सुट्टीचा वार म्हणून सेटची सर्व्हिसिंग लावलेली, पण त्यांची भट्टी पूर्ण थंड झालेली नव्हती आणि तिच्या पाण्याचा पंप बंद पडून चालणार नव्हता. तिथले साहेब म्हणाले, सेट ऑटोवरच राहू द्या, लाईट गेली तर लगेच लागला पाहिजे. तेल बदलून झालं होतं, फिल्टर बसले होते. फक्त बेल्टचा ताण बघायचा राहिला होता. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, बॅटरी काढू का? साहेब घड्याळाकडे बघत उभे. मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे मामा, पटकन उरका."

लाईट दोन मिनिटंही थांबली नाही.

सेट पूर्ण वेगात आला की क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, मिनिटाला पंधराशे फेरे मारते, सेकंदाला पंचवीस. तेवढा वेग यायची गरजच पडली नाही. स्टार्टरनं दिलेल्या पहिल्या एक-दोन झटक्यांतच मामांचा उजवा हात बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेला. मी लाल बटण दाबलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. मला किंकाळी आठवत नाही. मला आठवतो तो रबराचा चिरका आवाज, आणि मग एकदम पसरलेली शांतता, पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू येईल इतकी. मामांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि ते मलाच म्हणत होते, घाबरू नको, घाबरू नको. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

मामांनी मला कधीही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय. चौकशी झाली आणि कागदावर लिहिलं गेलं, 'कामगाराचे दुर्लक्ष'. खाली माझी सही आहे. कागदाला हात लावणाऱ्या कुणीही 'पटकन उरका' हे शब्द त्यावर लिहिले नाहीत, आणि मीही ते लिहा म्हणून सांगितलं नाही. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीची गरज होती. ही कारणं खरी आहेत. ती पुरेशी नाहीत, हेही खरं आहे.

नंतर मामा स्टोअरला बसायला लागले. चहाचा ग्लास अंगठा आणि दोन बोटांत धरायचे, बाकीची जागा मोकळी. खंडेनवमीला आमच्याकडे पाने, जॅक, चेनकुप्पी, टॉर्क रेंच सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडत. झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, नारळ. हळदकुंकू लावायचा मान मामांचा. कुंकू लावतात ते करंगळीशेजारच्या बोटानं, आणि मामांचं तेच बोट नव्हतं. अपघातानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला त्यांचा हात सवयीनं कुंकवाच्या वाटीपाशी गेला, क्षणभर तसाच थांबला, मग त्यांनी मधलं बोट बुडवून पहिला टिळा दहा-अकराच्या पान्याला लावला. मी आरतीचं ताट धरून उभा होतो.

मामांच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. साइटवर निघणाऱ्यानं अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन, मनगटावरचे दोरे त्यात काढून ठेवायचे आणि मगच पेटी उचलायची. सोन्याची अंगठी बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि बॉडीला एकदम टेकली तर क्षणात लाल होते आणि बोट भाजून निघतं, हे ते प्रत्येक नव्या पोराला सांगायचे. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन तिची वाटच बघत असतो, म्हणून निगेटिव्ह आधी काढायचं आणि सगळ्यात शेवटी जोडायचं. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी तो डबा राख्यांनी भरलेला असायचा. मोत्यांच्या, जरीच्या, एखादी लहान बहिणीनं घरी केलेली, स्पंजची. राखी काढायला पोरं कुरकुरायची. मामा म्हणायचे, तिनं बांधली ती हात शाबूत राहावा म्हणूनच ना? मग दे इकडे.

पुढे एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या साइटवर कुलपांची पद्धत आली आणि तिथून ती आमच्याकडे आली. ब्रेकरला, बॅटरीच्या स्विचला एक लोखंडी पकड लावायची, तिला सहा भोकं. जितकी माणसं कामावर, तितकी कुलपं. प्रत्येकाचं आपलं, वर त्याच्या फोटोची पाटी. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढेपर्यंत सेट लागूच शकत नाही, मग मालक येवो की मंत्री. कुलपं वाटायचं काम स्टोअरचं, म्हणजे मामांचं. किल्ली देताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "किल्ली तुझ्या खिशात. साहेबाच्या नाही, माझ्या नाही." असं म्हणून ते किल्ली त्या माणसाच्या खिशावर तीन बोटांनी दाबायचे.

इंजिनाच्या कामातलं निम्मं कसब थांबण्याचं आहे, हे मला त्या स्टोअरच्या खिडकीशी उभं राहून उमगलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एकाच वेळी उकळी फुटून तोंडावर येतं. फडकं धरून कुणी वाचत नाही. लोडवरून उतरवलेला सेट लगेच बंद करायचा नाही, टर्बो निवेपर्यंत तीन-चार मिनिटं रिकामा चालवायचा. मोठ्या इंजिनाचं बेअरिंग तापून ते बंद पडलं तर क्रँककेसचं, म्हणजे क्रँक असलेल्या पेटीचं, दार उघडायची घाई मुळीच करायची नाही, कारण आत तेलाची वाफ धुक्यासारखी भरलेली असते आणि दार उघडलं की तिला हवा मिळते. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये बेलफास्टजवळ समुद्रात रैना देल पॅसिफिको या जहाजाची चाचणी चालू असताना क्रँककेसमधल्या अशाच तेलाच्या धुक्याचा स्फोट झाला आणि अठ्ठावीस माणसं गेली. आमच्या एका प्रशिक्षकांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्गात कुणी वही उघडली नव्हती. सांगून झाल्यावर सगळ्यांनी उघडली. म्हणून अशा वेळी निदान अर्धा तास त्या दारापासून लांब राहायचं. तो अर्धा तास गिऱ्हाईक तुमच्या मागे येरझारा घालत असतं. इंजिनाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, ते त्याच्या गतीनंच निवतं.

हल्लीच्या इंजिनांत तर डिझेलच्या पाइपमध्ये दीड-दोन हजार बारचा दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन. बारीक गळती बोटानं चाचपायची खोड आम्हा जुन्या लोकांना आहे, आणि तीच आता सगळ्यात वाईट. सुईच्या टोकाएवढी धार कातडी फोडून डिझेल आत सोडते. वर दिसतो फक्त एक टिपका, दुखतही नाही फारसं. माणूस फडक्यानं पुसून कामाला लागतो आणि रात्री हात सुजून काळानिळा पडतो. असं झालं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि आत इंधन गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, नाहीतर तोही टिपका बघून मलम देईल. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून, अंतर राखून.

हे सगळं मला येतं. वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं. आणि तरीही माझ्या आईच्या लिफ्टसाठी मी तेच बोललो, जे चौऱ्याण्णव साली एका भट्टीसाठी बोललो होतो. मला वाटत होतं, घाई त्या साहेबाची होती. तोंडी पडली ती माझ्या. आता मी साहेबाच्या जागी, पार्किंगमध्ये घड्याळ बघत उभा होतो, आणि पाना दुसऱ्याच्या हातात होता. ज्याचा हात यंत्रात असतो त्याला बहुतेक वेळा घाई नसते. त्याला ती दुसरा कुणीतरी आणून देतो, दोन पावलं लांब उभा राहून.

त्या दिवशी चहा पिताना त्या मुलाशी बोललो. मूळचा गेवराईकडचा. दिवसाला पाच-सहा सेट करायचे असतात, दुचाकीवर पेटी आणि तेलाचा कॅन बांधून. म्हणाला, "बॅटरी काढली की पॅनलचं घड्याळ जातं काका, परत लावायला दहा मिनिटं. दिवसाचा तास जातो त्याच्यात." मनगटावर लाल दोरा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्यानं तो शर्टाच्या बाहीत सारला. कारखान्यात कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या बाविसाव्या कलमात चालत्या यंत्राजवळच्या कामासाठी अंगाबरोबर बसणारे कपडे मालकानं पुरवायचे, इथपर्यंत लिहिलेलं होतं. सोसायटीचं पार्किंग म्हणजे कारखाना नव्हे. इथे त्याला कुणी कपडे देत नाही, कानात घालायला बोळे देत नाही. कॅनॉपीमुळे एक मीटरवर आवाज पंचाहत्तर डेसिबलच्या आत राहतो, आणि आम्ही रहिवासी झोपतो. आत वाकून काम करणाऱ्याला मात्र तीच कॅनॉपी भट्टी होते. धूर साचला तर कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही, त्याला ना वास ना रंग. आमच्या कमिटीनं कंत्राट दिलं ते सगळ्यात कमी दरावर, आणि त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

मे महिन्यात मी सेक्रेटरींना भेटलो. म्हटलं, सर्व्हिसिंगच्या दिवशी दोन तास जनरेटर मिळणार नाही अशी आधी नोटीस लावू, आणि गुरुवार सोडून वार ठरवू. ते भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले, लोक ऐकत नाहीत हो. एकदा लिफ्ट अडकली तर माझा फोन वाजत राहतो. शेवटी वार बदलला. नोटीस मीच हातानं लिहून लिफ्टशेजारी चिकटवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणीतरी ट्यूशनची जाहिरात लावली होती. ती काढली आणि परत चिकटवली.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तो मुलगा पुन्हा आला. वॉचमननं खंडेनवमीला कॅनॉपीवर बांधलेली झेंडूची माळ तशीच होती, वाळून तपकिरी झालेली. दार उघडण्याआधी त्यानं ती सोडवली, कपाळाला लावली आणि बाजूच्या नळाला अडकवली. पाकळ्या पंख्यात ओढल्या जातात, म्हणाला. मनगट मोकळं होतं. नॉब बंदवर फिरवला, किल्ली काढली, पेटीतून दहा-अकराचा पाना घेतला आणि निगेटिव्ह सोडली. केबलचं टोक जुन्या सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून लांब वळवून ठेवलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. सेक्रेटरी. सहाव्या मजल्यावर पाहुणे यायचे आहेत, किती वेळ लागेल? मी म्हणालो, लागेल तितका लागेल. फोन ठेवला. वरून कुणी आलंच तर मी बघून घेईन, म्हणून मी किल्लीसाठी हात पुढे केला.

"दे इकडे, मी सांभाळतो."

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नको काका," तो म्हणाला, "माझ्याच खिशात असू द्या." किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, वरून एकदा चाचपली, आणि बेल्टची जाळी सोडवायला वाकला.